बटर चिकन जमायचं तर आधी चिकन भाजायला शिका

हॉटेलात बटर चिकन समोर आलं की मी आधी एक तुकडा चमच्यानं बाजूला ओढतो, त्यावरची ग्रेव्ही निपटून काढतो आणि नुसतं चिकन बघतो. कडांना काळपट भाजल्याच्या खुणा आहेत का? वरचा थर जरा कोरडा आणि आतलं मांस ओलं आहे का? धुराचा वास येतो का? या तीन गोष्टी असल्या तर ग्रेव्हीतल्या चार चुका मी पोटात घालतो. पण तुकडा पांढराफट, गुळगुळीत, पाण्यातून काढल्यासारखा निघाला, तर वर क्रीमची कितीही नक्षी काढलेली असो, ती गोडसर लाल ग्रेव्हीत सोडलेली उकडलेली कोंबडीच.

हे मला नांदेडात कळलं. मी परभणीचा. एकोणिसाव्या वर्षी नांदेडजवळच्या एका ढाब्यावर कांदे सोलायला लागलो आणि पुढची सहा वर्षं तिथल्या तंदूरसमोर काढली. आता छत्रपती संभाजीनगरात घरूनच ऑर्डरी घेतो. ‘पंजाबी’ अशी पाटी मराठवाड्यातल्या प्रत्येक तालुक्याच्या गावी दिसते, पण नांदेडची गोष्ट वेगळी. तख्त सचखंड हजूर साहिब या शिखांच्या गुरुद्वाऱ्यामुळं तिथं बारा महिने पंजाबातले यात्रेकरू येतात, अमृतसरहून सचखंड एक्सप्रेस थेट येते. त्यामुळं आमच्याकडं नुसती पाटीच नाही, गिऱ्हाईकही पंजाबी असायचं. आणि ते गिऱ्हाईक चूक पहिल्या घासाला धरायचं. तंदूर नीट तापलेला नसला की आमचे उस्ताद बटर चिकनची ऑर्डरच घ्यायचे नाहीत. ‘दाल मखनी खा लो’ म्हणायचे.

या हट्टामागं या पदार्थाचा जन्म आहे. फाळणीनंतर पेशावरहून आलेल्या मंडळींनी दिल्लीच्या दर्यागंजमध्ये मोती महल सुरू केलं. कुंदनलाल गुजराल आणि कुंदनलाल जग्गी ही त्यातली दोन नावं. बटर चिकनचं श्रेय नेमकं कुणाचं, यावरून दोघांच्या वारसांचा वाद २०२४ च्या जानेवारीत दिल्ली उच्च न्यायालयात गेला. श्रेय कुणालाही द्या, दोन्हीकडच्या कहाणीत तंदुरी चिकन आधी आहे आणि टमाटे-लोण्याची ग्रेव्ही नंतर. भाजलेल्या कोंबडीला ओलावा द्यायला ही ग्रेव्ही आली. आपण घरी नेमकं उलटं करतो. ग्रेव्हीवर दोन तास घालवतो आणि चिकन शेवटी कढईत परतून टाकतो.

म्हणून हा लेख चिकनपासून सुरू करतो. पाच जणांना पुरेल असं प्रमाण देतो.

कोंबडी कोणती आणि कशी कापायची

गावरान कोंबडी यासाठी घेऊ नका. ती रश्श्यासाठी सोन्यासारखी, पण तिचं मांस घट्ट असतं. तंदूरच्या कोरड्या, तेज आचेवर ते मऊ व्हायच्या आत वाळून जातं. ब्रॉयलरच घ्या, आणि त्यातही लेग पीस. छातीचं मांस जरा जास्त शिजलं की भुस्सा होतं, मांडीचं मांस दहा मिनिटं इकडंतिकडं झाली तरी रसदार राहतं. भाजून पुन्हा ग्रेव्हीत शिजवायचं असल्यामुळं ही सवलत आपल्याला लागतेच.

एक किलो लेग पीस, कातडी काढून, हाडासकट. तंगडी आणि मांडी वेगळी करून घ्या. चिकनवाला सवयीनं रश्श्याचे बारीक तुकडे करायला लागतो, त्याला आधीच थांबवा. प्रत्येक तुकड्याला हाडापर्यंत जातील अशा दोन-तीन खोल चिरा द्या. बोनलेस हवं असेल तर मांडीचंच पाऊण किलो घ्या. मला हाडासकटच आवडतं, कारण हाडालगतचा रस ग्रेव्हीत उतरतो आणि तो चवीला कळतो.

धुतल्यावर चिकन चाळणीत निथळू द्या आणि मग स्वच्छ कापडानं एकेक तुकडा टिपून घ्या. ही पायरी बहुतेक जण सोडतात. ओलं चिकन आधी वाफाळतं, मग शिजतं, आणि भाजायची वेळ येईपर्यंत आतून कोरडं झालेलं असतं.

दोनदा मुरवायचं

पहिल्यांदा फक्त मीठ, लिंबू, आलं-लसूण आणि मिरची. किलोला १५ ग्रॅम मीठ, म्हणजे अडीच सपाट चहाचे चमचे. दोन चमचे लिंबाचा रस, मोठा चमचाभर आलं-लसणाची ताजी पेस्ट, मोठा चमचाभर काश्मिरी किंवा ब्याडगी मिरचीची पूड. चिरांमध्ये बोटानं चोळून पाऊण तास ठेवा. मीठ मांसात शिरायला वेळ लागतो. दही आधीच लावलं तर ते मध्ये येतं, म्हणून हे दोन टप्पे.

मग दही. पण पातळ दही नको, चक्का हवा. अर्धा किलो दही रात्री फडक्यात बांधून टांगा, सकाळी दोनशे ग्रॅमच्या आसपास चक्का मिळतो. त्यातला दीडशे ग्रॅम घ्या. चक्क्यात दोन मोठे चमचे मोहरीचं तेल (धूर येईपर्यंत तापवून गार केलेलं), चमचाभर गरम मसाला, अर्धा चमचा चुरलेली कसुरी मेथी आणि मोठा चमचाभर कोरडं भाजलेलं बेसन. बेसनामुळं मसाला तुकड्याला धरून राहतो, गळून ट्रेमध्ये पडत नाही. मोहरीच्या तेलाचा उग्रपणा आपल्याकडच्या जिभेला सवयीचा नाही. अनेक घरांत करडईचं किंवा शेंगदाण्याचं तेल चालतं. तरी इथं मोहरीचंच वापरून बघा, भाजल्यावर उग्रपणा जातो आणि जे उरतं ते तंदुरी चवीचा निम्मा वाटा असतं.

आता चार ते आठ तास फ्रीजमध्ये. जास्त मुरलं की जास्त चांगलं, असं नाही. लिंबू आणि कच्चं आलं मिळून मांसाचा वरचा थर सैल करत जातात. बारा तासांनंतर तो पिठूळ लागतो. कच्ची पपई तर अजिबात नको, ती याहून जोरात काम करते.

आणि फ्रीजबाहेर ठेवू नका. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसच्या पुढं जातो, स्वयंपाकघर तर त्याहून तापलेलं. ढाब्यावरच्या पहिल्या उन्हाळ्यात मी मुरवलेल्या चिकनचं एक भगुणं दुपारी बाहेर विसरलो होतो. संध्याकाळी त्याला फक्त जरा जास्त आंबट वास होता, बाकी दिसायला ठीक. उस्तादांनी काही न बोलता सगळं मातीत पुरायला लावलं. बारा किलो होतं. तेव्हापासून मुरवण घातलं की माझा हात आधी फ्रीजच्या दाराकडं जातो.

तंदूर नसताना तंदूर

तंदूरमध्ये काय घडतं ते समजून घेतलं की घरी काय करायचं ते आपोआप कळतं. तापलेली मातीची भिंत चारही बाजूंनी उष्णता देते, ती चारशे अंश सेल्सियसच्या पुढं जाऊ शकते. वरचा मसाला काही मिनिटांत करपायला लागतो आणि आतला रस आतच राहतो. जो रस आणि तूप-तेल गळतं, ते निखाऱ्यावर पडून धूर होतो. तो धूर वर येऊन पुन्हा मांसालाच चिकटतो. म्हणजे आपल्याला दोन गोष्टी हव्यात: तेज कोरडी आच आणि थोडा धूर.

घरचा ओव्हन २५० अंशांपर्यंत जातो. वीस मिनिटं तापू द्या, वरची-खालची दोन्ही कॉइल चालू ठेवा. तुकडे जाळीवर ठेवा, खाली ट्रे. ट्रेमध्येच ठेवले तर ते सुटलेल्या पाण्यात बसतात आणि खालून उकडतात. हाडासकट तुकड्यांना साधारण वीस मिनिटं लागतात, बोनलेसला दहा-बारा. मध्ये एकदा उलटा, लोणी लावा. शेवटची तीन मिनिटं जाळी वरच्या कॉइलजवळ सरकवा आणि समोरून हलू नका. कडा काळ्या व्हायला लागल्या की काढायचं. धीर सोडून लालसर असतानाच काढू नका. तो काळेपणाच ग्रेव्हीत उतरून चव देणार आहे.

ओव्हन नसेल तर बिडाचा तवा. तो चांगला तापवून, थोडं तेल सोडून, तीन-चारच तुकडे एका वेळी. गर्दी केली की तवा थंड होतो आणि चिकन पाणी सोडतं. एक बाजू न हलवता चार-पाच मिनिटं, मग दुसरी. हाडाचे तुकडे तव्यावर आतून कच्चे राहतात, त्याची काळजी नको, ग्रेव्हीत जरा जास्त वेळ द्या.

खेड्यात असाल तर तुमच्याकडं शहरातल्यांपेक्षा चांगली सोय आहे. शेगडीत किंवा तीन विटांमध्ये बाभळीचा कोळसा पेटवा, वर जाळी ठेवा. तुराट्यांवर हे जमत नाही. त्यांचा जाळ भडकतो आणि विझतो, निखारा धरत नाही. बाभळीचा निखारा वर राखेचा पांढरा थर आला की तयार झाला समजा. ज्योत दिसत असताना चिकन ठेवलं तर त्यावर काजळी बसते, आणि काजळी कडू लागते.

ओव्हन किंवा तव्यावर केलेल्या चिकनला धुंगार द्या. भाजलेले तुकडे पातेल्यात, मधोमध वाटी, वाटीत लालबुंद निखारा, त्यावर अर्धा चमचा तूप, लगेच झाकण. तीन-चार मिनिटं, जास्त नाही. धुंगार चिकनला द्यायचा, ग्रेव्हीला नाही. ग्रेव्ही धूर इतका पटकन धरते की मग टमाटा लागतच नाही.

ट्रेमध्ये खाली जमलेला तेलकट, लालसर रस फेकू नका. वाटीत काढून ठेवा. माझ्या मते तो सगळ्या पदार्थातला सर्वात मोलाचा चमचा आहे.

मखनी: टमाट्याला टमाट्यासारखं लागू द्या

आता ग्रेव्ही. हिच्यात कांदा नाही. हे मोठ्यानं सांगायचं कारण, आपल्याकडच्या हॉटेलांत एकच कांदा-टमाट्याची लाल ग्रेव्ही सकाळी भगुणंभर करून ठेवतात आणि पनीर बटर मसाला, काजू करी, बटर चिकन हे सगळं त्यातूनच निघतं. कांद्याचा गोडवा आणि दाणेदारपणा मखनीचा रेशमीपणा मोडतो. आणि आपला घरचा हात काळ्या मसाल्याकडं किंवा येसराकडं (भाजलेल्या धान्य-डाळींच्या मसालेदार पिठाकडं) वळतो, तो आवरा. येसरावर माझा जीव आहे, पण तो इथं पडला की दुसरी कुठलीच चव उरत नाही.

एक किलो पिकलेले लाल टमाटे. कुठले, हे महत्त्वाचं. बाजारात लांबट, जाड सालीचे, घट्ट संकरित टमाटे असतात. ते गाडीत टिकावेत म्हणून तसे. रंग छान, रस कमी, आंबटपणा बेताचा. गावरान टमाटे चपटे, बियाळ, चांगले आंबट. मी निम्मे-निम्मे घेतो: संकरितांनी रंग आणि दाटपणा, गावरानांनी आंबटपणा. थंडीत आठवडी बाजारात दोन्ही मिळतात, तेव्हाचं बटर चिकन वर्षातलं सर्वात चांगलं होतं. टमाटे कडक असतील तर दोन दिवस घरात पसरून पिकू द्या, फ्रीजमध्ये घालू नका.

टमाटा कमी पडला की हॉटेलवाले काय करतात, ते २०२३ च्या जुलैत मी पाहिलं. टमाटे किलोला शंभराच्या वर गेले होते. ओळखीच्या एका स्वयंपाकघरात त्या महिन्यात ग्रेव्हीत भोपळा, बाटलीतला सॉस आणि रंग पडायला लागला. गिऱ्हाईकाला गोडीचाच फरक जाणवला आणि काहींना तो आवडलाही. त्यानंतर टमाटे स्वस्त झाले, पण ती गोडी तिथून गेली नाही. गोड बटर चिकन ही चव आपल्याकडं अशीच रुजत गेली, असं मला वाटतं, आणि मला त्याचं वाईट वाटतं.

टमाट्यांचे चार-चार तुकडे करा. जाड बुडाच्या पातेल्यात मोठा चमचाभर लोणी आणि थोडं तेल, त्यात एक तमालपत्र, बोटाच्या पेराएवढी दालचिनी, तीन लवंगा, पाच हिरवे वेलदोडे. वास सुटला की दहा लसूण पाकळ्या, इंचभर आलं, दोन उभ्या चिरलेल्या हिरव्या मिरच्या. मग टमाटे, चाळीस ग्रॅम काजू आणि पेलाभर पाणी. झाकण ठेवून मंद आचेवर अर्धा तास. कुकर लावायचा मोह होईल, पण कुकरमध्ये टमाट्याचा कच्चा वास आतच कोंडतो. तो उघड्या पातेल्यातूनच उडून जातो, म्हणून शेवटची दहा मिनिटं झाकणही काढा.

काजू चाळीस ग्रॅमच का? काजू दाटपणा देतात आणि आंबटपणाला गोलाई देतात. पण शंभर ग्रॅम घातले की ग्रेव्ही गुलाबी होते, जड होते आणि गार झाल्यावर खिरीसारखी बसते. बटर चिकन नारिंगीकडं झुकलेलं लाल असावं. काजू महाग वाटत असतील तर निम्मे काजू, निम्मा मगज (कलिंगड-खरबुजाच्या सोललेल्या बिया).

गार झाल्यावर तमालपत्र आणि दालचिनी काढा, वेलदोडे-लवंगा राहू द्या. मिक्सरमध्ये पूर्ण तीन मिनिटं फिरवा. मग बारीक गाळणीतून ओगराळ्याच्या पाठीनं दाबत गाळा. साल, बिया, वेलदोड्याची सालं वर राहतील. मग पुन्हा एकदा गाळा. ढाब्यावर आम्ही मलमलच्या कापडातून गाळायचो, दोन माणसं दोन टोकं धरून पिळायची. जिभेवर एकही कण लागता कामा नये, हा रेशमीपणा गाळण्यातून येतो, क्रीममधून नाही.

आता रंग. पातेलं परत ठेवा, पन्नास ग्रॅम लोणी मंद आचेवर वितळवा, आच आणखी कमी करून त्यात दीड मोठा चमचा काश्मिरी किंवा ब्याडगी मिरचीची पूड. मिरचीचा लाल रंग पाण्यात नाही, तुपा-तेलात सुटतो, म्हणून ती थेट ग्रेव्हीवर भुरभुरायची नाही. पण लोण्यातले दुधाचे कण पटकन जळतात आणि मिरचीही. वीस सेकंदांत गाळलेली ग्रेव्ही ओता. मिरचीचा वास नाकाला झोंबला, तर जळालं. ते टाकून द्या आणि नव्यानं लोणी घ्या. जळकी मिरची पुढं कशानंही झाकली जात नाही. आपली रोजची तिखट लवंगी किंवा संकेश्वरी इथं चालत नाही, कारण रंग येईपर्यंत तोंड भाजतं.

बाटलीतला रंग घालायची गरज नाही. शेजारच्या कर्नाटकानं २०२४ मध्ये चिकन कबाबमध्ये कृत्रिम रंग वापरायला बंदीच घातली. हॉटेलात खाल्ल्यावर बोटं साबणानं धुऊनही केशरी राहिली, तर तो मिरचीचा रंग नव्हे.

ही ग्रेव्ही मंद आचेवर दहा-पंधरा मिनिटं उकळू द्या. कडेला लालसर तवंग दिसू लागला की मीठ घाला. त्याआधी नको, पाकिटातल्या लोण्यात मीठ असतंच. मग चमचाभर चाखा. इथं घाई करू नका. पहिल्यांदा टमाट्याचा आंबटपणा यायला हवा, मागून मिरचीची ऊब, आणि शेवटी लसणाची हलकी चव. फारच आंबट असेल तर चहाचा एक चमचा साखर किंवा मध. पुन्हा चाखा. आणखी अर्धा. दोन चमच्यांच्या पुढं जाऊ नका. गूळही चालतो, पण काळा गूळ रंग बिघडवतो.

एकत्र आणणं

वाटीत ठेवलेला ट्रेमधला रस आधी ग्रेव्हीत ओता. मग भाजलेलं चिकन. आच मध्यमाच्या खाली, हाडासकट तुकड्यांना आठ-दहा मिनिटं, बोनलेसला पाच. तव्यावर भाजलेल्यांना पंधरा. एक जाडसा तुकडा हाडाजवळ उघडून बघा, गुलाबी रस निघत नसेल तर शिजलं. ग्रेव्ही दाट वाटली तर गरम पाणी घाला, गार नाही. ती रोटीवर चढून बसली पाहिजे, पण ताटात वाहिलीही पाहिजे.

कसुरी मेथी कोरड्या तव्यावर अर्धा मिनिट गरम करा, तळहातावर चोळा, चहाचा एक चमचा घाला. मूठभर नव्हे. जास्त झाली की औषधासारखी कडवट लागते, आणि हॉटेलवाले शिळ्या ग्रेव्हीचा वास झाकायला हीच मेथी भरपूर टाकतात.

मग गॅस बंद करा. आता क्रीम, ऐंशी ते शंभर मिलिलिटर. पाकिटातल्या फ्रेश क्रीममध्ये स्निग्धांश साधारण पंचवीस टक्के असतो. आंबट, उकळत्या ग्रेव्हीत ते फाटतं आणि बारीक पांढरे कण दिसतात. म्हणून आधी वाटीत दोन पळ्या ग्रेव्ही घेऊन क्रीम त्यात मिसळा, मग ते पातेल्यात. घरची साय वापरायची तर मिक्सरमध्ये एकदाच फिरवा. जास्त फिरवली तर लोणी निघेल.

शेवटी फ्रीजमधलं थंड लोणी, तीस ग्रॅम, तुकडे करून. ढवळत विरघळू द्या. थंड लोणी हळूहळू वितळलं की ग्रेव्हीत मिसळून तिला चकाकी देतं. उकळत्या ग्रेव्हीत टाकलं की नुसता तवंग होऊन तरंगतं. घरचं पांढरं लोणी असेल तर शेवटचे हे तीस ग्रॅम त्याचेच घ्या. म्हशीच्या दुधाच्या ताज्या लोण्याचा जो हलका आंबट वास असतो, तो पाकिटात मिळत नाही.

दहा मिनिटं झाकून ठेवा आणि मगच वाढा.

हॉटेलात खायचं असेल तर

दुपारी तीनला बटर चिकन मागवू नका. त्या वेळी बहुतेक ठिकाणी तंदूर निवलेला असतो. रात्री आठनंतर जा, आणि सरळ विचारा, ‘तंदूर चालू आहे का?’ आधी हाफ तंदुरी मागवा. ती चांगली निघाली तर बटर चिकनही निघेल, आणि ती वाईट असेल तर पुढची ऑर्डर बदलायला वेळ असतो. ऑर्डर दिल्यावर पाच मिनिटांत बटर चिकन टेबलावर आलं, तर चिकन नुकतं भाजलेलं नाही, हे समजा.

लोणी खरं आहे का, ते तोंडातच कळतं. लोणी अंगाच्या उष्णतेला वितळतं. खाऊन झाल्यावर टाळूला मेणचट थर राहिला आणि पाणी प्यायल्यावर तो आणखी घट्ट झाला, तर त्यात वनस्पती किंवा मार्जरीन आहे.

सोबत काय, तर तंदुरी रोटी. बटर नान मला यासोबत जड वाटतो, लोण्यावर लोणी होतं. छत्रपती संभाजीनगरात असाल तर भट्टीवरचा साधा नान आणा, जो नान-खलियात, म्हणजे इथल्या मांसाच्या मसालेदार रश्श्यासोबत मिळतो. तुघलकानं १३२७ मध्ये राजधानी दिल्लीहून दौलताबादला हलवली, तेव्हाच्या लष्कराबरोबर नान-खलिया इथं आला असं सांगतात. तो मऊ, जाडसर नान ग्रेव्ही अशी शोषतो की रोटी विसरावी. ज्वारीची भाकरी लोक मागतात, आमच्या घरीही मागतात. भाकरीचा स्वतःचा गोडवा आणि ही ग्रेव्ही मला एकमेकांच्या वाटेत येताना दिसतात. तरी भाकरीच हवी असेल तर ग्रेव्ही थोडी पातळ करा, साखर अजिबात घालू नका आणि भाकरी तव्यावरून थेट ताटात येऊ द्या. कांदा मात्र फोडूनच घ्या, लिंबू पिळून.

उरलं तर

चिकन उरलं तर दुसऱ्या दिवशी मंद आचेवर, अर्धी वाटी गरम पाणी घालून, झाकण ठेवून गरम करा. उकळी फुटू देऊ नका, क्रीम फाटतं. चिमूटभर मेथी पुन्हा चोळून घाला. पण पाहुणे येणार असतील तेव्हा मी वेगळं करतो: टमाट्याची गाळलेली ग्रेव्ही दुप्पट करून, क्रीम आणि शेवटचं लोणी न घालता, निम्मी डब्यात भरून फ्रीजरमध्ये टाकतो. महिनाभर ती छान राहते. त्या दिवशी सकाळी डबा बाहेर काढायचा, संध्याकाळी चिकन भाजायचं, आणि क्रीम-लोणी ताटं मांडल्यावर.